फॉल्ट!

हरलो त्याचं काही नाही. आठवीतल्या पोराकडून हरलो, त्याचंही फारसं नाही. तो रोज पहाटे कोचिंगला जातो, आणि त्याच्या बुटांच्या किमतीत माझ्या लहानपणी घरात सायकल आली असती. पण बॅडमिंटनमध्ये माझी सर्व्हिस फॉल्ट दिली, आणि तीही टेप लावून, हे काही केल्या पचत नाहीये.

ठाण्यात घोडबंदर रोडवरची आमची सोसायटी, २६ जानेवारीच्या स्पर्धा, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या गच्चीवर, गाड्यांच्या दोन रांगांमध्ये पिवळ्या रंगाने आखलेलं कोर्ट. सर्व्हिस जज कोण, तर ए विंगचे काका. बॅडमिंटनशी त्यांचा संबंध डास मारायच्या रॅकेटपुरता. पण गेल्या एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, त्यांनी लिफ्टच्या देखभालीच्या हिशेबातली चूक उभं राहून, पानासकट वाचून दाखवली. तेव्हापासून कमिटी त्यांना कशात ना कशात गुंतवून ठेवते. यंदा त्यांच्यासमोर मला टाकलं.

काका आदल्या रात्री नियम वाचून आले होते. सोबत सुताराचा स्टीलचा टेप. वॉचमनला गेटवरून बोलावून त्यांनी नेटजवळ उभं केलं, टेप जमिनीपासून उभा धरायला लावला आणि ११५ च्या आकड्यावर बोट ठेवायला सांगितलं. स्वतः समोर प्लास्टिकच्या खुर्चीत, एक डोळा मिटून.

मी सर्व्हिस केली.

"फॉल्ट!"

"अहो काका, काय झालं?"

"शटल वर होतं. मारताना अख्खं शटल १.१५ मीटरच्या खाली पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियम आहे, २०१८ पासूनचा."

"पण काका, आपण पोडियमवर खेळतोय."

"मग? पोडियम भारतात नाही?"

"त्याआधी तर असं काही नव्हतं."

"त्याआधी शेवटच्या बरगडीचा नियम होता." काकांनी माझ्या पोटाकडे सावकाश पाहिलं. "तुमची शेवटची बरगडी नेमकी कुठे, हे तुम्ही दाखवा. मी जुना नियम लावतो."

लोक हसले. सगळ्यात आधी आमची ही हसली.

आता मुद्दा असा की हा नियम जाचतो तो उंच खेळाडूंना. सहा फूट चार इंचांचा डेन्मार्कचा बॅडमिंटनपटू व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनसुद्धा त्यावर कुरकुरला होता. माझी उंची सव्वापाच फूट. १.१५ मीटर माझ्या छातीपाशी येतात. तिथून सर्व्हिस करायची तर मला कोपर कानाला लावावं लागेल! हे मी सांगायला गेलो, तर काका म्हणाले, "हरकत लेखी द्या."

खरी भानगड वॉचमनच्या बोटाची होती. बिचारा रात्रपाळी करून आलेला. पाच मिनिटांत त्याचं बोट ११५ वरून १०० वर उतरलं होतं. मी ते ओरडून दाखवलं, तर काका म्हणाले, "पंचांच्या साहित्याला नावं ठेवायची नाहीत." आणि त्या पोराची सर्व्हिस आली, तेव्हा खाली डिलिव्हरीवाला आला म्हणून वॉचमन टेपसकट गेटवर! काकांनी त्याच्या सगळ्या सर्व्हिस नुसत्या नजरेने पास केल्या.

आम्ही नौपाड्याच्या वाड्यात कपडे वाळवायच्या दोरीवरून खेळायचो. दोरीवर कुणाचं लुगडं असेल तर ते नेट. भांडणं व्हायची, पण ती खेळणाऱ्यांची. आता कोर्ट आखीव, शटल पिसांचं, प्रत्येकाला मेडल, आणि खेळायला जागा किती, तर दोन गाड्यांच्या मधली. रेषेबाहेर पाऊल टाकायचं तर आधी आरसा बघावा लागतो. उपवनला फिरायला जा, येऊरच्या पायथ्याशी जा, पार्किंग आधी, माणूस नंतर.

त्यावरूनच पुढचं झालं. चेअरमनसाहेबांची गाडी कोर्टाच्या साइडलाइनवर टाचभर आत आलेली असते. बारा महिने. माझा एक बरा स्मॅश थेट तिच्या बॉनेटवर बसला. खाली रेष आहे, रेषेवर गाडी आहे, म्हणजे शटल आत, असं माझं म्हणणं. लाइनमन नव्हताच, म्हणून तोही निकाल काकांनीच घेतला. उठले, बॉनेटभोवती एक फेरी मारली, वाकून टायर पाहिला आणि म्हणाले, "वाहन ही जंगम मालमत्ता. त्याला रेष लागू नाही. पॉइंट परत खेळा."

"काका, टेप लावा ना. गाडी किती आत आहे ते तरी मोजा."

"ते माझ्या कार्यक्षेत्रात येत नाही."

दिवसभरात टेप तेवढ्या एकाच वेळी खिशात गेला.

सामना ११ गुणांचा, वेळ कमी म्हणून. ११-६. त्या ११ मधले निम्मे तरी त्या पोराने मिळवलेले नाहीत. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण हात मिळवताना तो खाली बघत "सॉरी अंकल" म्हणाला. अंकल हा शब्द तेवढा गाळला असता तर चाललं असतं.

रात्री काका लिफ्टमध्ये भेटले. खूश होते. पुढच्या रविवारी कॅरम आहे, त्याचेही पंच तेच. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, म्हणून ओळखीच्या सोनाराकडून काटा आणणार आहेत. आणि दुहेरीत जोडीदार म्हणून त्यांनी माझंच नाव लिहून टाकलंय. प्रवेश फीचे पन्नास रुपये त्यांनी भरलेत, ते मी उद्या द्यायचेत.