दोन ३०९० आणि ८५० वॅटचा ‘बसतोच’ एसएमपीएस

घरच्या मशीनवर मोठी भाषा-मॉडेलं चालवायची म्हणून एनव्हिडियाची वापरलेली दोन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं घेण्याची टूम आहे. कारण उघड आहे: एका कार्डात २४ जीबी मेमरी, दोघांत मिळून ४८. त्यासोबत, मशीनला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा, याचा एक सल्लाही फिरतो आहे. तो थोडक्यात असा: “३५० आणि ३५० सातशे, प्रोसेसरचे दीडशे, झाले ८५०. दोन्ही कार्डं एकदम फुल लोडला जातच नाहीत, त्यामुळे ८५० बसतोच; फक्त गोल्ड घ्या. केबलला दोन टोकं दिलेली असतात, तीच वापरा. कमी पडलं तर घरातला जुना एसएमपीएस दुसऱ्या कार्डाला जोडा. साध्या प्लगवर आणि इन्व्हर्टरवर सगळं आरामात चालतं.”

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या मशीनवर खरं ठरलेलं असतं, म्हणूनच तो पटतो. दोन ३०९० च्या मशीनवर मात्र ही सगळी वाक्यं एकदम खरी ठरत नाहीत.

“३५० + ३५० + १५० = ८५०”

बेरीज बरोबर आहे, आकडे चुकीचे आहेत. ३५० वॅट ही कार्डाची सरासरी मर्यादा. कार्ड स्वतःचा वापर मोजत राहतं आणि वाढला की घड्याळगती (क्लॉक स्पीड) उतरवतं, पण हे करायला त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्या काही मिलिसेकंदांत ३०९० पाचशे वॅटच्या वर उडी मारून परत येतं. या कार्डाची त्याबाबत ख्यातीच आहे. प्लगला लावायच्या वॅटमीटरवर ही उडी दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला ती बरोबर दिसते आणि ते पुरवठा तोडतं. मशीन एकदम काळं पडतं. निवांत असताना काही होत नाही, लोड आला की होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मग ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडतो, पण त्याचा अर्थ मशीन नीट बंद न होता गेलं एवढाच. दोष कुणाचा ते त्यातून कळत नाही. लिनक्सवर मशीन चालू राहून एकच कार्ड गायब झालं आणि लॉगमध्ये ‘एक्सआयडी ७९’ आला, तर कार्डाची केबल, रायझर (कार्ड बोर्डापासून लांब लावायची जोडणी) आणि एसएमपीएस या तिघांवर संशय घ्यायचा.

प्रोसेसरचे दीडशेही डोळे मिटून धरू नयेत. रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटची मर्यादा २३० वॅटची. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ८० धरा. ७०० + २३० + ८० म्हणजे १०१० वॅट, आणि ही झाली सरासरी.

उड्यांसाठी वॅट वाढवत जाणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा एसएमपीएस घेण्याचा. २०२२ साली आलेल्या ३.० नियमांत, नवा १६ पिनी जोड असलेल्या ४५० वॅटवरच्या एसएमपीएसने लिहिलेल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद आणि १८० टक्के भार १ मिलिसेकंद झेलला पाहिजे, अशी अट आहे. जुन्या पिढीतला १००० वॅटचा एखादा मॉडेल जिथे ट्रिप होतो, तिथे नव्या नियमांचा १००० तगून राहू शकतो. वरच्या १०१० वॅटच्या मशीनला मर्यादा न लावता चालवायचं तर १३०० वॅटचा एटीएक्स ३.x घ्यावा.

“दोन्ही कार्डं एकदम फुल लोडला जात नाहीत”

सल्ल्यातला सगळ्यात फसवा भाग हाच, कारण सुरुवातीला तो खरा वाटतो. लामा.सीपीपी या मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून एकाशीच गप्पा मारत असाल तर पहिलं कार्ड आपले थर संपवतं, मग दुसरं कामाला लागतं. एक पळतं तेव्हा दुसरं बसलेलं असतं. महिनाभर ८५० वर मशीन निमूट चालतं आणि मालकाला वाटतं, गणित जमलं.

मग व्हीएलएलएम हा दुसरा प्रोग्राम येतो, त्यात ‘टेन्सर पॅरलल’ हा पर्याय २ केला जातो. आता प्रत्येक थर दोन्ही कार्डांवर अर्धा-अर्धा, त्यामुळे दोघं एकाच क्षणी पळतात, एकाच क्षणी एकमेकांसाठी थांबतात, पुन्हा एकाच क्षणी सुटतात. म्हणजे दोघांच्या उड्याही एकावर एक पडतात. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरिंगमध्ये आणि मॉडेल ट्रेन करतानाही दोन्ही कार्डं भरलेलीच असतात. एसएमपीएस निवडताना हाच प्रसंग धरायचा, आजचा वापर नव्हे.

“केबलला दोन टोकं दिलेलीच आहेत”

दिलेली आहेत, आणि मध्यम कार्डाला ती पुरतातही. १७० वॅटच्या ३०६० ला तर एकच ८ पिन लागतो. ३०९० चं गणित वेगळं.

८ पिनी पीसीआय जोडाची अधिकृत मर्यादा १५० वॅट, कार्ड बोर्डावर ज्यात बसतं त्या स्लॉटची ७५. दोन जोडांच्या ३०९० ला ३५० पैकी स्लॉटमधून समजा ६० मिळाले, तर २९० वॅट दोन जोडांतून यायला हवेत. दोन्ही टोकं एकाच केबलची असतील तर त्या एका केबलमधून २४ अँपिअर जातात. त्यात १२ व्होल्टच्या वायरी तीनच, म्हणजे प्रत्येकीत ८ अँपिअर. १८ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे २१ मिलिओहम. ६० सेंटीमीटरच्या केबलमध्ये जाताना ०.१ आणि येताना ०.१ असा ०.२ व्होल्ट वाटेतच पडतो. जवळपास ५ वॅट उष्णता केबलमध्येच मुरते.

वायर एवढ्याने जळत नाही. जळतो तो एसएमपीएसच्या बाजूचा प्लग. तिथे एकाच प्लगच्या तीन पिनांतून सगळा प्रवाह जातो, आणि वापरलेल्या एसएमपीएसची केबल दहा वेळा काढून घातलेली असेल तर पिनांची पकड सैल झालेली असते. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. काळपट झालेलं प्लास्टिक नेमकं तिथे दिसतं. दोन स्वतंत्र केबल लावल्या की प्रत्येक वायरीत ४ अँपिअर, आणि प्रत्येक पिनेवरची उष्णता चौथ्या हिश्शावर येते.

तीन ८ पिनांची ३०९०ही मिळतात. तिथे तीन वेगळ्या केबल उत्तम. नसतील तर एक स्वतंत्र आणि उरलेल्या दोन जोडांना एक दोन-टोकी, हे चालून जातं, कारण २९० वॅट तिघांत वाटले की दोन-टोकी केबलवर सुमारे १९५ च येतात. एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशनला १२ पिनी जोड आणि दोन ८ पिनांचा अडॅप्टर असतो. त्या अडॅप्टरलाही दोन वेगळ्याच केबल द्याव्यात. बाजारातले वाय-स्प्लिटर कुठेच नकोत.

म्हणजे विकत घेताना वॅटच्या आधी पॅनेलवरची पीसीआयची भोकं मोजा. प्रोसेसरला दोन सोडून कार्डांसाठी किमान चार हवीत, तीन ८ पिनी जोडांच्या दोन कार्डांना शक्यतो सहा. ८५० वॅटचे बरेचसे एसएमपीएस इथेच बाद होतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वापरलेला मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस घेताना केबली त्याच्याच आहेत का ते पाहा. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळी असते. प्लग बसतो, आणि जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिनेवर १२ व्होल्ट येतात. खात्री नसेल तर कार्डाला लावण्याआधी २४ पिनी जोडातली हिरवी आणि शेजारची काळी तार जोडून एसएमपीएस एकटा चालू करा आणि मल्टिमीटरने टोक तपासा: ८ पिनांपैकी तिघांवर १२ व्होल्ट, बाकी पाचांवर शून्य. प्रोसेसरचा ८ पिनी प्लग दिसायला तसाच, पण त्यात १२ व्होल्टच्या पिना चार आणि बाजू उलटी. जोर लावून बसवला तर कार्ड गेलंच समजा.

“फक्त गोल्ड घ्या”

८० प्लस गोल्ड म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कार्डापर्यंत पोचते, एवढंच. ती चाचणी २३ अंश तापमानात होते. नागपुरात मे महिन्यात बंद खोलीत दोन ३०९० सोबत एसएमपीएस बसतो तेव्हा त्याच्या पंख्याला मिळणारी हवा कशी असते, याचं उत्तर त्या बिल्ल्यात नाही. पूर्ण क्षमता ४० अंशांना दिली आहे की ५० ला, ते पाहा. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअरही वाचा: ८५० वॅटला ७० च्या आसपास हवेत. खूप कमी असतील तर उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले आहेत, जे कार्डाच्या काही कामाचे नाहीत.

“जुना एसएमपीएस दुसऱ्या कार्डाला जोडा”

अशक्य नाही, क्रिप्टो मायनिंगवाले वर्षानुवर्षं करत आले. पण त्यांनी पाळलेले नियम सल्ल्यातून गळून पडलेत. दोन्ही एसएमपीएस एकदम चालू झाले पाहिजेत, त्यासाठी दोघांना जोडणारा सिंक बोर्ड लागतो. दोघांची जमीन (ग्राउंड) एक हवी आणि दोन्ही एकाच सॉकेट बोर्डवर. एका कार्डाचे सगळे जोड एकाच एसएमपीएसवरून. दोघांच्या १२ व्होल्टच्या वायरी कुठेही एकमेकींना जोडायच्या नाहीत. पॉवर घेणारा रायझर वापरणार असाल तर त्याला साटाचा (डिस्कला वीज देणारा) प्लग कधीच देऊ नका: त्याची १२ व्होल्टची मर्यादा ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, आणि कार्ड स्लॉटमधून १२ व्होल्टवर ६६ पर्यंत मागू शकतं. हे सगळं पाळूनही पाचशेच्या वर उडी मारणारं कार्ड दहा वर्षं जुन्या ५०० वॅटवर टाकण्यात काय साधतं? सिंक बोर्ड, केबली आणि डोकेदुखी यांची किंमत धरली तर एकच मोठा एसएमपीएस स्वस्त पडतो.

“साध्या प्लगवर, इन्व्हर्टरवर चालतं”

प्लगबाबत सल्ला बरोबर आहे. १०१० वॅट भाराला ९० टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून सुमारे ११२० वॅट, २३० व्होल्टला ४.९ अँपिअर, ६ अँपिअरचं सॉकेट ते देतं. पण तासन्‌तास देताना ते घट्ट हवं, आणि मध्ये बारीक तारेचा एक्स्टेंशन बोर्ड नको. १६०० वॅटचा एसएमपीएस घेतला तर त्याची केबलच जाड, सी-१९ टोकाची येते. तिला १६ अँपिअरचा पॉवर प्लग द्या. अर्थिंगही तपासा. ते नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर घरच्या व्होल्टेजच्या अर्धा दाब तरंगतो आणि हाताला मुंग्या येतात.

इन्व्हर्टरचं मात्र नाही. घरातला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर हा भार उचलतच नाही. मोठा, शुद्ध साइन वेव्हचा असला तरी तो ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदलायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि एसएमपीएस पूर्ण भारावर सेकंदाचा जेमतेम साठावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी तग धरतो.

आता त्या ८५० बद्दल. तो चालवायचाच असेल तर एटीएक्स ३.x चा आणि चार स्वतंत्र पीसीआय केबली देणारा असू द्या, आणि एनव्हिडिया-एसएमआय या कमांडच्या ‘पीएल’ पर्यायाने दोन्ही कार्डांना २५० वॅटची मर्यादा घाला. प्रोसेसर इको मोडमध्ये (कमी विजेच्या सेटिंगमध्ये) १४२ वर आणला की बेरीज ५०० + १४२ + ८०, म्हणजे ७२२. मॉडेलचं उत्तर लिहिण्याचा वेग मुख्यतः मेमरीच्या वेगावर ठरतो, त्यामुळे त्यात फारसा फरक जाणवत नाही. रेंडरिंग आणि ट्रेनिंग थोडं मंदावतं. मर्यादा रीस्टार्टला पुसली जाते, म्हणून ती लिनक्स सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये टाका. ही मर्यादाही सरासरीचीच. उड्या खरोखर छाटायच्या तर ‘एलजीसी’ पर्यायाने घड्याळगतीलाही वरचं टोक ठरवून द्या. मग दोन्ही कार्डांवर एकदम अर्धा तास लोड टाका, मशीन बंद करा आणि लगेच एसएमपीएसकडच्या प्रत्येक पीसीआय प्लगला बोट लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर ती केबल बदलल्याशिवाय मशीन पुन्हा चालू करू नका.