अमेरिकेचं यादवी युद्ध आयातकरामुळे झालं? फुटलेल्या राज्यांचे कागद वेगळंच सांगतात

अमेरिकेतलं १८६१ ते १८६५चं यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं ही शाळेत पढवलेली थाप आहे, असं सांगणारा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातले मुद्दे साधारण असे. उत्तरेने जाचक आयातकर लादले म्हणून दक्षिणेची राज्यं फुटली. भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच. लिंकनला गुलामांशी देणंघेणं नव्हतं. गुलामगिरी तशीही मरणपंथाला लागली होती. शेवटी पुरवणी म्हणून, हजारो काळे सैनिक दक्षिणेच्या बाजूने लढले.

मराठी वाचकाला यातला पैशाचा भाग चटकन पटतो, कारण आपल्याकडे हे युद्ध पोचलं तेच कापसातून. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशावर बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर फुगले आणि १८६५मध्ये युद्ध संपताच फुटले. प्रेमचंद रायचंदांसारखा बडा दलालही त्यात बुडाला. पण त्याच मुंबई इलाख्यात जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ती कर कमी करून घेतला म्हणून नव्हे. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून.

आता एकेक मुद्दा.

“आयातकर हेच खरं कारण”

तारखा लावून पाहा. ज्या कराकडे बोट दाखवलं जातं तो मॉरिल कायदा. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाने तो मे १८६०मध्ये मंजूर केला, पण वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, तो अडकून पडला. सिनेटची मंजुरी मिळाली २० फेब्रुवारी १८६१ला, आणि राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांची सही झाली २ मार्चला. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६०लाच बाहेर पडलं होतं. जानेवारीत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया आणि लुइझियाना गेली, १ फेब्रुवारीला टेक्सासच्या अधिवेशनाने फुटण्याचा ठराव केला. या राज्यांचे सिनेटर जागा सोडून गेले म्हणून तर त्या कायद्याची वाट मोकळी झाली. म्हणजे फुटण्यामुळे कर आला, करामुळे फूट पडली नाही.

तोवर लागू होता १८५७चा आयातकर कायदा. त्याचे दर गेल्या चाळीसएक वर्षांतले सर्वांत कमी होते, आणि तो दक्षिणेच्या खासदारांच्या मतांनी मंजूर झाला होता. “सगळा कर दक्षिण भरायची” हेही तसंच. आयातकराचा निम्म्याहून बराच मोठा भाग एकट्या न्यूयॉर्क बंदरात जमा व्हायचा. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदराचा वाटा त्याच्यापुढे नगण्य होता.

करावरून खरं भांडण झालं होतं ते १८३२मध्ये. साउथ कॅरोलायनाने संघराज्याचा करकायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्याची धमकी दिली, १८३३मध्ये दर टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं आणि प्रकरण मिटलं. एकही दुसरं राज्य साउथ कॅरोलायनाच्या पाठीशी उभं राहिलं नाही. कराचं भांडण तडजोडीत मिटतं, कारण दर १० टक्के ठेवायचा की २० टक्के, यात १५वर हात मिळवता येतो.

“राज्यं का फुटली ते त्यांनाच विचारा”

विचारू या. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांनी फुटण्याची कारणं सांगणारे सविस्तर जाहीरनामे काढले. मिसिसिपीचा जाहीरनामा प्रस्तावनेचं एक वाक्य संपताच सांगतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात आयातकराचा उल्लेखच नाही. त्याच अधिवेशनाने रॉबर्ट बार्नवेल रेट यांनी लिहिलेलं एक वेगळं आवाहनही काढलं, त्यात कराची तक्रार आहे आणि मजकूर फिरवणारे नेमकं तेवढंच उचलतात. ते आवाहन कोणाला उद्देशून आहे हे मात्र सांगत नाहीत: “गुलाम बाळगणाऱ्या राज्यांतल्या जनतेला”.

जॉर्जियाचा कागद तर या वादात सोन्यासारखा आहे. उत्तरेतल्या उद्योगांना मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल तो भरपूर कुरकुर करतो, पण मग स्वतःच लिहितो की १८४६च्या कायद्याने हा प्रश्न निकालात निघाला आणि कमी कराचं तत्त्व देशाने मान्य केलं. त्यानंतर तो वळतो तो गुलामगिरीविरोधी पक्षाच्या उदयाकडे, आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो.

२१ मार्च १८६१ला सव्हाना इथे दक्षिणेच्या नव्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी भाषणात सांगितलं की नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, हे सत्य. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्सनी जाडजूड ग्रंथ लिहून सारं भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं असं मांडलं. फिरणाऱ्या मजकुराचं मूळ या पराभवानंतरच्या लिखाणात आहे.

“राज्यांचे हक्क”

कसले हक्क? साउथ कॅरोलायनाची तक्रार अशी होती की उत्तरेतली राज्यं *आपले* हक्क वापरत आहेत. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गुलामांना सोबत घेऊन तिथून जाणाऱ्या मालकाचा दावा नाकारला, हे जाहीरनाम्यात गुन्हा म्हणून नोंदवलं आहे.

१८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा पाहिला की सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून तो जरा तपशिलात. एखादा माणूस पळून आलेला गुलाम आहे असा दावा मालकाने किंवा त्याच्या दलालाने करायचा. प्रकरण जायचं संघराज्याने नेमलेल्या कमिशनरकडे. ज्युरी नाही, आणि आरोपीला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५. (कागदपत्रं जास्त भरावी लागतात, हा या फरकाचा खुलासा.) पकडायला मदत करण्यासाठी संघराज्याचे अधिकारी रस्त्यावरच्या कोणालाही जुंपू शकत होते. पळालेल्याला लपवलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. राज्यांच्या सीमा ओलांडून इतक्या आत घुसणारा केंद्राचा कायदा तोवर क्वचितच झाला असेल, आणि तो दक्षिणेने मागून घेतला होता.

उत्तरेतल्या अनेक राज्यांनी उलट कायदे केले, आपले तुरुंग आणि अधिकारी या कामाला द्यायला नकार दिला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला, तेव्हा राज्यांच्या हक्कांच्या नावाने गळा काढत होतं विस्कॉन्सिन. दक्षिण नाही.

फुटल्यावर दक्षिणेने स्वतःची घटना लिहिली, ११ मार्च १८६१ला. गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही. कोणत्याही राज्यात गुलाम घेऊन जाण्याचा, राहण्याचा हक्क नागरिकांना असेल, म्हणजे एखाद्या राज्याला आपल्यापुरती गुलामगिरी बंद करायची असती तरी बाहेरून येणारे गुलाम रोखता आले नसते. नव्या प्रदेशांत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या भूभागांत, गुलामगिरीला संरक्षण असेलच. फुटून निघण्याचा हक्क? तो त्या घटनेत कुठेही लिहिलेला नाही. संरक्षक आयातकरावर बंदी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि एप्रिल १८६२मध्ये या राज्यांच्या हक्कांच्या सरकारने अमेरिकेच्या इतिहासातली पहिली देशव्यापी सक्तीची सैन्यभरती लागू केली, उत्तरेच्याही आधी.

“लिंकन गुलामगिरीला हात लावणार नव्हते, मग तिच्यासाठी कोण फुटेल?”

हा मुद्दा सर्वांत चतुर आहे आणि त्यात अर्धं तथ्य आहे. जिथे गुलामगिरी आहे तिथे ती संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं लिंकन वारंवार सांगत होते. त्यांचा पक्ष अडून बसला होता तो नव्या प्रदेशांवर. पण दक्षिणेची सगळी सत्ता त्या नव्या प्रदेशांवरच अवलंबून होती.

प्रतिनिधिगृहात जागा लोकसंख्येवर. दर पाच गुलामांमागे तीन माणसं या हिशेबाने गुलाम धरूनही तिथे दक्षिण मागे पडत गेली. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोन जागा. म्हणून राज्यांची जोडी लावायची: १८२०मध्ये मिसूरी गुलामगिरीचं, तर मेन मुक्त, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना प्रदेशाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी बंद. ही रेषा ३०हून अधिक वर्षं टिकली. मेक्सिकोशी युद्ध (१८४६–४८) होऊन अफाट जमीन हाती आली आणि वाटणी पुन्हा उकरली गेली. १८५०मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं, मुक्त आणि गुलामगिरीच्या राज्यांचा १५–१५चा तोल १६–१५ झाला, आणि त्याची भरपाई म्हणून दक्षिणेला वर सांगितलेला पळपुट्यांचा कायदा मिळाला.

मग १८५४मध्ये इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला आणि जुनी रेषाच पुसली: तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावं. कागदावर लोकशाही, प्रत्यक्षात आधी पोचेल त्याची जमीन. मिसूरीतून टोळ्या सीमा ओलांडून मतदान करू लागल्या, उत्तरेतून बंदुका घेऊन वसाहतकरी आले, कॅन्ससमध्ये दोन प्रतिस्पर्धी सरकारं उभी राहिली, रक्त सांडलं. व्हिग पक्ष या कायद्याने मोडला, रिपब्लिकन पक्ष जन्मला. मे १८५६मध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर समनर यांना साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्सने सिनेटच्या सभागृहातच काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं. मार्च १८५७मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत आणि काँग्रेसला कोणत्याही प्रदेशात गुलामगिरी बंद करता येत नाही. तडजोडीला जागा देणारी रेषाच आता बेकायदा ठरली.

एप्रिल १८६०, चार्ल्स्टन, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. दक्षिणेच्या प्रतिनिधींना आता “रहिवाशांनी ठरवावं” हेही पुरेना. प्रदेशांतल्या गुलामगिरीला केंद्राने संरक्षण द्यावं असं कलम हवं होतं. ते मिळेना, तेव्हा अलाबामाच्या मागोमाग इतर उठून गेले आणि पक्ष दुभंगला. नोव्हेंबरमध्ये लिंकन ४० टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर पण ३०३पैकी १८० निर्वाचक मतांनी निवडून आले. दक्षिणेच्या १० राज्यांत त्यांच्या नावाने एकही मत नोंदलं गेलं नाही, तरीही. दक्षिणेला धसका बसला तो या हिशेबाचा: आपल्याला विचारल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष होता येतो.

युद्ध टाळायला त्या हिवाळ्यात जे प्रस्ताव आले तेही वाचा. डिसेंबर १८६०मधल्या केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांच्या प्रस्तावात सहा घटनादुरुस्त्या होत्या, सहाही गुलामगिरीबद्दल. मार्च १८६१च्या सुरुवातीला काँग्रेसने मंजूर केलेली कॉर्विन दुरुस्तीही राज्यांतल्या गुलामगिरीला कायमची हमी देणारी होती. भांडण कराचं असतं तर तडजोड कराची मांडली गेली असती.

ऑगस्ट १८६२मधलं लिंकन यांचं न्यूयॉर्कचे संपादक ग्रीली यांना लिहिलेलं पत्र, “एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन”, हमखास उद्धृत होतं. ते पत्र लिहिलं तेव्हा गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून महिना झाला होता. २२ जुलैला तो वाचला गेला, फक्त एखाद्या विजयाची वाट पाहणं चाललं होतं. शिवाय उत्तर कशासाठी लढायला उतरली आणि दक्षिण कशासाठी फुटली, हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याचं १८६१मधलं उत्तर संघराज्य टिकवणं हेच होतं.

“बहुतेकांकडे गुलामच नव्हते”

मालक म्हणून ज्याचं नाव लागलं तेवढीच डोकी मोजली तर आकडा लहान दिसतो, कारण गुलाम घरातल्या कर्त्याच्या नावावर असत. बायकामुलं धरून कुटुंबं मोजा: १८६०च्या जनगणनेत फुटलेल्या ११ राज्यांत जवळपास तिसरा हिस्सा, आणि मिसिसिपी व साउथ कॅरोलायनात निम्म्याच्या जवळपास. त्या दोन राज्यांत गुलाम लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त होते, आणि नेमकी तीच दोन राज्यं पहिली व दुसरी फुटली. गुलामगिरीच्या राज्यांपैकी जिथे गुलामांचं प्रमाण सर्वांत कमी, त्या डेलावेअर, मिसूरी, मेरीलँड, केंटकी या राज्यांनी संघराज्य सोडलं नाही. व्हर्जिनियाचे डोंगराळ पश्चिम जिल्हे, जिथे गुलाम तुरळक, राज्यापासूनच तुटले आणि १८६३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया झाले.

“आपोआप संपली असती”

१८६०मध्ये गुलामांचे भाव चढे होते, मरणाऱ्या धंद्यात ते तसे नसतात. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता. सुमारे ४० लाख गुलामांची बाजारभावाने किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलाहून जास्त भरत होती.

“काळे सैनिक दक्षिणेसाठी लढले”

दक्षिणेच्या सैन्यासोबत हजारो काळे होते: खंदक खणायला, स्वयंपाकाला, मालकाची खोगिरं वाहायला. सैनिक म्हणून त्यांना भरती करण्याचा कायदा दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या काँग्रेसने केला तो १३ मार्च १८६५ला. उत्तरेच्या सैन्यात तोवर सुमारे १,८०,००० काळे भरती झाले होते. दोनच महिन्यांपूर्वी जॉर्जियाचे जनरल हॉवेल कॉब यांनी या कल्पनेला विरोध करताना लिहिलं होतं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा ठरेल. मंजूर झालेल्या कायद्यातही भरती होणाऱ्याला स्वातंत्र्य देण्याचं कलम नव्हतं. तो झाल्यावर तीन आठवड्यांत रिचमंड पडलं.