बापाने पुसली, पोराने पळवली

आज दुपारपासून डोकं फिरलंय आणि कारण सांगितलं तर हसाल, पण सांगते.

भाचा आलाय पुण्याहून सुट्टीला. वय १९. जेवणं झाली, बाहेर ऊन मरणाचं, नेट नाही (आमच्याकडे नेट मिळायला खळ्याच्या त्या टोकाला कलमाखाली उभं राहावं लागतं, तो विषय वेगळा), तर म्हणाला आत्या काहीतरी लाव ना बघायला. मी इतकी खूश झाले म्हणून सांगू! लगेच पेनड्राइव्ह काढला. दूरदर्शनवरच्या त्या जुन्या हिंदी विनोदी मालिकेचे, 'ये जो है जिंदगी'चे सुरुवातीचे भाग. डीव्हीडीचा संच मी बऱ्याच वर्षांपूर्वी दादरला घेतला होता, पुढे आमच्या खाऱ्या हवेने प्लेअर गंजून मेला म्हणून एका मुलाकडून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. तर लॅपटॉपला लावून दिलं आणि आत कोकम सरबत करायला गेले. आतून ऐकतेय तर काय, सगळे भांडल्यासारखे भराभरा बोलतायत, किशोरकुमारसुद्धा एसटी चुकेल अशा घाईत गातोय. बाहेर येऊन विचारलं अरे हे काय, तर म्हणे, "दीडपट केलंय. फार स्लो आहे गं." आणि वर मधे मधे दहा दहा सेकंद पुढे ढकलणं चालूच. का? तर "इथे काहीच होत नाहीये."

इथे काहीच होत नाहीये!!

अरे बाबा तेच तर आहे ते. शफी इनामदार, म्हणजे घरातला नवरा, सोफ्यावर बसलाय, त्याचा मेव्हणा झालेला राकेश बेदी काहीतरी अचाट बोलून गेलाय, आणि शफी लगेच उत्तर देत नाही. आधी मेव्हण्याकडे बघतो. मग बायकोकडे बघतो. मग हातातल्या पेपरकडे. आणि मग एक वाक्य, तेही आवाज न चढवता. आता त्यातलं ते बघणं तू कापून टाकलंस तर उरलं काय, ते एक वाक्य, आणि ते वाक्य तसं साधंच असतं, "अच्छा" वगैरे. मग तुला वाटणारच यात हसण्यासारखं काय आहे म्हणून.

आता जुनी गोष्ट सांगते. माझ्या भावंडांनी पन्नासदा ऐकलीय, त्यांनी खाली स्क्रोल करावं.

१९८५ चा गणपती. मी ११ वर्षांची. काका गिरगावातून आला तो मोदकाच्या साच्याबरोबर एक कॅसेट घेऊन. मालिका १९८४ ला सुरू झालेली, शुक्रवारी रात्री असायची, मुंबईत सगळी चाळ एका टीव्हीसमोर, आणि आमच्याकडे गावात टीव्ही म्हणजे मुंग्या, मुंग्या आणि मधेच एखादं नाक. म्हणून काकाने शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर आमच्यासाठी भाग भरून आणलेले. तीन तासांची कॅसेट, वर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं 'ये जो है – पुसू नये'. मागचा प्लॅस्टिकचा तुकडासुद्धा मोडून आणलेला, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं काही भरू नये. दापोलीतून कलर टीव्ही, व्हीसीआर आणि स्टॅबिलायझर एका रात्रीच्या भाड्याने आणला, टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. आरती झाली, सगळी वाडी ओटीवर, जागा नाही ते खळ्यात. विकोच्या जाहिरातीसुद्धा कोणी चुकवल्या नाहीत, मालिका त्यांनीच स्पॉन्सर केलेली.

आमचे आप्पा (वडील) तर वेगळ्याच आनंदात. नावं आली, लेखक शरद जोशी, की आप्पा ताठ बसले, म्हणाले बघा, कांद्याचं आंदोलन करून माणूस हेही लिहितो! तो हिंदीतला शरद जोशी वेगळा, व्यंग लिहिणारा, हे त्यांना कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली, तोवर आमच्या वाडीत या मालिकेला शेतकरी संघटनेचा पाठिंबा होता.

तर शेवटचा भाग लागलेला. साडेबारा वाजून गेलेले. आता ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये की यातली खरी गंमत म्हणजे सतीश शहा. दर भागात नवा माणूस. तोच चेहरा, पण चाल वेगळी, बोली वेगळी, धंदा वेगळा. त्यामुळे भाग सुरू झाला की सगळे वाट बघत बसायचे, आज हा कोण होऊन येतोय. आणि बेल वाजली. रेणू, म्हणजे स्वरूप संपत, दाराकडे निघाली. दाराला हात लावला.

लाईट गेली.

आणि एकही माणूस उठला नाही. हे मला आजसुद्धा डोळ्यांसमोर दिसतं. कंदील लावला, त्या उजेडात टीव्हीच्या काळ्या काचेत आमचीच तोंडं दिसतायत, डास फोडतायत, आणि कोणी उठत नाहीये. दाराबाहेर कोण असेल यावर चर्चा सुरू. आजी म्हणाली, पोस्टमन असेल, मनीऑर्डर घेऊन. तिच्या हिशोबी दार वाजवून येणारा माणूस एकच. (आमच्या अख्ख्या वाडीत एका घराला बेल नव्हती, दारं दिवसभर सताड उघडी, "आहेस का गो" म्हणत माणूस थेट माजघरात.) नाना म्हणाले, वायरमन असू दे रे देवा, म्हणजे तिकडून येऊन आमची लाईट तरी जोडेल. त्यावर जो काय हशा झाला तो मी नंतर कुठल्या थिएटरात ऐकलेला नाही. दोन वाजेपर्यंत सतीश शहाला आम्ही इन्शुरन्सवाला केलं, भटजी केलं, रेणूचा हरवलेला मामा केलं. लाईट आली सकाळी आठला, आणि टेम्पो आला साडेसातला.

संपलं. बघायचं राहिलं ते राहिलं.

आणि हा म्हणतो स्लो आहे.

हो, मान्य करते, प्रिंट काही धड नाही, सेट बघून वाटतं भिंतीला टेकलं तर भिंत पडेल. नवरा-बायकोवरचे काही विनोद आज ऐकताना मलाही कसंतरी होतं. पुढे पुढे माणसं बदलली, रंगही उतरला. ते सगळं खरं. पण सुरुवातीचे भाग बघा हो. 'जाने भी दो यारो' १९८३ चा आणि त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचा दिग्दर्शक कुंदन शहा हे करत होता. त्यात प्रेत झालेला सतीश शहा यात दर आठवड्याला नवा जन्म घेऊन येतोय! टिकू तलसानिया साहेब होऊन नुसतं "ये क्या हो रहा है" म्हणतो तर आमच्याकडे महिनाभर दूध उतू गेलं तरी कोणी दुसरं काही बोलत नव्हतं. यातलं कोण वाईट आहे सांगा. कोणीच नाही. कोणी कोणाच्या जेवणात विष कालवत नाही, सासू कॅमेऱ्यात तीनदा मान वळवत नाही. बेकार मेव्हणा घरात बसून खातोय एवढंच संकट, आणि ते संकट कोणाच्या घरात नव्हतं?

आणि अजून एक, जे मला जास्तच लागतं. शफी इनामदार आमचा आहे. आमचा म्हणजे दापोली तालुक्यातल्या पांगारीचा, जन्म १९४५ चा. आमच्या फुलराणीचा, भक्ती बर्वेचा नवरा. 'अर्धसत्य'मधला तो इन्स्पेक्टर हैदर अली. मी मघाशी भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला "ओह नाइस" आणि दहा सेकंद पुढे. मला वाटतं राग मला त्या दहा सेकंदांचा आला, दीडपटचा एवढा नाही. त्या दहा सेकंदांत तो माणूस नुसता ऐकत बसलेला होता. ऐकण्याचा अभिनय करणारी माणसं किती असतात?

बरं आता भाच्याला किती बोलू, त्याचा बाप काय कमी आहे का. ती कॅसेट काकाने गावीच ठेवली होती, "पुढच्या गणपतीला बघू" म्हणून. पुढच्या गणपतीला पोरांनी हट्टाने पिक्चर आणले. मग आज बघू उद्या बघू करत वर्षं गेली, आणि १९९६ ला आमच्या बंधुराजांनी घरात व्हीसीआर आणला, वर्ल्डकपची सेमीफायनल भरून ठेवायची होती, कोरी कॅसेट मिळेना, तर याने काकाच्या कॅसेटच्या त्या मोडलेल्या खाचेवर सेलोटेप चिकटवली आणि भरली मॅच! 'पुसू नये' डोळ्यांसमोर लिहिलेलं असताना! ईडन गार्डन्स, आपले ८ बाद १२०, लोकांनी बाटल्या फेकल्या, मॅच तिथेच बंद, श्रीलंकेला दिली. विनोद पुसून तिथे रडणारा विनोद कांबळी. आणि तारीख कुठली, १३ मार्च १९९६. शफी इनामदार गेला तो दिवस. हार्ट अटॅक, वय अवघं ५०. आम्हाला दुसऱ्या दिवशीसुद्धा कळलं नव्हतं, घरात सगळे मॅचच्या सुतकात होते. मला कळलं तेव्हा मी भावाशी आठवडाभर बोलले नाही, जसं काही त्यानेच...असो. त्याचा काय दोष.

काका आता नाही. आजी, नाना, आप्पा कोणीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शहाही गेले, तेव्हा बातमी बघताना मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ती काळी काच आणि कंदील.

डीव्हीडीवरचे सगळे भाग मी बघितलेत, एकेक तीन-तीनदा, त्या एका बेलसाठी. पण बेल किती वेळा वाजते त्यात! रेणू कितीदा दाराकडे जाते! कधी वाटतं हाच तो, मग पडद्याचा रंग वेगळा वाटतो. आईला विचारलं तर ती म्हणते बेल नव्हतीच, फोन वाजला होता. भाऊ म्हणतो मी झोपलो होतो.

मघाशी भाचा येऊन बसला शेजारी, आत्या सॉरी वगैरे नाही म्हणाला, ती पिढीच नाही, पण त्याने हिशोब मांडला. म्हणाला, बाबांनी फक्त इंडियाची बॅटिंग भरली ना? हो म्हटलं, श्रीलंकेची भरून काय करायची होती. मग म्हणे ३४ ओव्हर म्हणजे जास्तीत जास्त अडीच तास. मॅच अर्धवट बंद पडली. कॅसेट तीन तासांची. "आत्या, शेवटचा अर्धा तास पुसलाच गेला नसणार."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कॅसेट आहे. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होती, आत्ता काढली. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलीय, आमचा पाऊस कोणाला सोडतो. व्हीसीआर कधीच भंगारात गेला. तर दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड, कोणाकडे चालू व्हीसीआर असेल किंवा बुरशी साफ करणारा कोणी माहितीत असेल तर कृपया सांगा, पाऊस लागायच्या आत. कॅसेट मी स्वतः घेऊन येईन, आंब्याची पेटीही आणेन. फॉरवर्ड केलं तर टेप तुटेल म्हणतात, त्यामुळे सुरुवातीपासूनच लावावी लागेल. बसू आम्ही. भाचाही येतो म्हणतोय. कांबळी रडेपर्यंत पूर्ण मॅच बघायची तयारी आहे.