सहा कप, अगदी एकसारखे

‘सहा कप हवेत, पण अगदी एकसारखे हं!’ त्या ‘हं’नेच माझ्या पोटात गोळा येतो. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती चाकावरून उतरून भट्टीबाहेर पडेपर्यंत साधारण १२ टक्के आटते, आणि तीही लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडून. म्हणजे १५० मिली चहा मावायचा तर ओला कप २२० मिलीचा काढायचा. ओला बघून ‘एवढा मोठा?’ आणि भाजलेला बघून ‘एवढासाच?’ असं विचारणारी माणसं बहुधा एकच असतात.

सहासाठी मी गोळे आठ घेते, प्रत्येकी ३०० ग्रॅम, काट्यावर तोलून. तळ बोटांनी नीट दाबला नाही तर वाळताना त्यावर इंग्रजी ‘एस’च्या आकाराची चीर पडते. पण खरा वैरी म्हणजे कपाचा कान. कप चामड्याइतका कडक झाला की दोन्हीकडे ओरखडे काढायचे, चिखल लावायचा आणि कान चिकटवायचा. कान कपापेक्षा ओला असला की जास्त आटतो आणि सांध्यावर तडकतो. म्हणून सगळं प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवायचं. तेवढ्यात घरातलं कुणीतरी पंखा लावतं. ज्या बाजूने वारा, त्या बाजूने कप वाकडा.

पहिली भाजणी १००० अंशांची. मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप: बादली तळापासून ढवळायची, चाळायची, कप तीन सेकंद बुडवायचा. दोनवर बेल वाजली की तिनाचे पाच होतात, थर जाड बसतो आणि १२२० अंशांच्या दुसऱ्या भाजणीत तो ओघळून कप भट्टीतल्या फळीला चिकटतो. तळाजवळचं तीन मिलिमीटर ग्लेझ पुसलं नसेल तर मग छिन्नीच. आणि डोक्याला खोबरेल चोपडून त्याच हातांनी कप उचलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, बोट लागलं तिथे ग्लेझ आक्रसतं आणि कपालाच टक्कल पडतं.

भट्टीत वरच्या-खालच्या फळ्यांच्या तापमानातही फरक असतो. लोहाचं ग्लेझ एकीकडे तांबूस निघतं, दुसरीकडे काळपट. तरी आठातून सहा जुळतात, सेट जातो.

मग कधीतरी निरोप येतो, ‘एक फुटला. तस्साच एक मिळेल ना?’ मातीचा लॉट बदललेला, बादलीतलं ग्लेझ दाटलेलं, भट्टीत तीच जागा मिळायची खात्री नाही. उरलेले पाचही फोडून टाका म्हणते. नवा सेट करणं त्याहून सोपं.