कान आळशी होत नाहीत, मावशी

‘वृद्ध आईवडिलांशी कसं बोलावं : सोनेरी नियम’ हा मेसेज गेल्या आठवड्यात चार ग्रुपांवरून माझ्याकडे आला. सोडून दिला असता. पण मावशीने तो आईलाही पाठवला आणि आईने कानाचं मशीन काढून डबीत घातलं, डबी कपाटात. का, तर नियम तिसरा : ‘मशीनने कान आळशी होतात. त्यापेक्षा कानाशी जाऊन मोठ्याने बोला.’

कान म्हणजे काय तालमीतला दंड आहे, मेहनत थांबली की सुटायला? उतारवयात ऐकू कमी येतं ते बहुतेकदा आतल्या कानातल्या नाजूक पेशी झिजल्यामुळे. त्या पुन्हा येत नाहीत, मशीन लावा नाहीतर नका लावू. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, च अशी व्यंजनं. स्वर बरेच दिवस टिकतात. म्हणून तर आई म्हणते, "ऐकू येतं रे, कळत नाही." परवा, मशीन कपाटात असताना, मी सांगितलं, "मामा साताऱ्याला गेलाय." ती दचकून म्हणाली, "आत्याला काय झालं?" मी तेच ओरडून सांगितलं. ओरडल्याने स्वर फुगतात, ‘स’ बिचारा होता तिथेच राहतो. वर अशा कानांना हळू आवाज पोचत नाही आणि मोठा सोसवत नाही. तिने कान झाकले. टीव्ही बंद केला, समोर बसलो, सावकाश म्हटलं, "मामा. सातारला." झालं काम.

२०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली कानाच्या मशीनची एक चाचणी छापून आली : ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही, हे लपवत नाही. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आळशी कानांचा हा पराक्रम.

एक मान्य. सुरुवातीचे काही आठवडे मशीन नकोसं होतं. पंखा, भांडी, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, सगळं अंगावर येतं. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीन खेपा घालून आवाज जुळवून घ्यावा लागतो. त्या खेपा आपण घालायच्या असतात, म्हणून मेसेज सोयीचा वाटतो.

बाकीचे नियम पटकन. ‘लहान मुलांशी बोलतो तसं बोला’ : आईने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, करून बघा. ‘वाईट बातमी कळू देऊ नका’ : काका गेल्याचं आम्ही दोन दिवस लपवलं, तिला ते कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. ‘तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर टोकू नका’ : हे बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. फक्त दहा मिनिटांत तोच प्रश्न तीनदा यायला लागला तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. मावशीने हात जोडले आणि तासाभराने कानात लसणाचं तेल घालायचा मेसेज पाठवला. तो उद्या.