‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमके केव्हा?

सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्या काळात ‘प्रेझेंटली’ या क्रियाविशेषणाचा ‘सध्या’ हा अर्थ इतक्या वेळा फळ्यावर लिहिला, की खडूलाही तो पाठ झाला असावा. ‘आय अ‍ॅम प्रेझेंटली वर्किंग अ‍ॅज’ अशी सुरुवात असलेले नोकरीचे शेकडो अर्ज माझ्या नजरेखालून गेले आणि त्यांतील एकाही ‘प्रेझेंटली’खाली मी लाल रेघ ओढली नाही. त्या सर्व अर्जदारांची मी आज अर्धी माफी मागतो. अर्धीच का, हे यथावकाश येईल.

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधील ट्रूरो येथे, मुक्कामाला होतो. एका सकाळी घरातील बॉयलर बंद पडला. तिकडे बॉयलर बंद पडणे म्हणजे केवळ आंघोळ चुकणे नव्हे. घर तापवणारे पाणीही त्यातूनच फिरत असल्याने भिंती, फरशा आणि माणसे एकाच तपमानाला येतात. नळाच्या पाण्याने चूळ भरली, तेव्हा प्रत्येक दाताने आपली स्वतंत्र हजेरी दिली. मुलगी आणि जावई कामावर गेलेले असल्याने दुरुस्तीच्या कंपनीला मीच दूरध्वनी केला. पलीकडच्या बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, “द इंजिनिअर विल बी विथ यू प्रेझेंटली.”

मी व्याकरणाचा माणूस. ‘विल बी’ हा भविष्यकाळ, ‘प्रेझेंटली’ हा माझ्या मते वर्तमानकाळ, आणि हे दोघे एका वाक्यात शेजारी बसलेले. शंका नको म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारामागेही डोकावून आलो. तेथे कोणी नव्हते.

“काय म्हणाल्या त्या?” हिने विचारले.

“इंजिनिअर सध्या येणार आहे.”

“सध्या येणार आहे म्हणजे काय हो? आला आहे की येणार आहे?”

या प्रश्नाचे उत्तर नसल्याने मी मुलीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “बाबा, इथे प्रेझेंटली म्हणजे थोड्या वेळाने.” थोड्या म्हणजे किती, असे विचारल्यावर ती म्हणाली, “ते तुम्हाला प्रेझेंटली कळेल.”

इंजिनिअर त्या दिवशी आला नाही. अंगावर रजई आणि मांडीवर जावयाच्या कपाटातील जाडजूड ग्रंथ, अशा अवस्थेत मी या शब्दाची कुंडली मांडायला बसलो. पहिला धक्का असा, की एके काळी ‘प्रेझेंटली’चा अर्थ सध्या नव्हता, थोड्या वेळानेही नव्हता, तर ‘या क्षणी, ताबडतोब’ असा होता. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्पेरो आपल्या हाताखालच्या एरिअल नावाच्या वायुरूप सेवकाला काम सांगतो, तेव्हा एरिअल “प्रेझेंटली?” एवढेच विचारतो आणि धनी उत्तरतो, की होय, पापणी लवायच्या आत. हे नाटक १६११ साली राजदरबारात झाले. त्याच वर्षी छापलेल्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये येशूने शाप देताच अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते. तो चमत्कार होता आणि चमत्काराला थोड्या वेळाने होऊन चालत नाही. माझ्या फळ्यावरचा अर्थ लावला असता, तर ते झाड सध्या वाळत आहे, पुढचे पुढे बघू, असे झाले असते.

याच बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते, आणि तेही ‘बाय अँड बाय’ मागते. आज हे शब्द ऐकणाऱ्याला वाटेल, की मुलगी समजूतदार आहे, सवडीने चालेल म्हणते. प्रत्यक्षात तिला ते तत्क्षणी हवे होते, कारण ‘बाय अँड बाय’चाही तेव्हाचा अर्थ तोच होता. १८८१च्या सुधारित आवृत्तीत हे शब्द काढून तातडीचा दुसरा शब्द घालावा लागला. (ते शिर तिला ‘चार्जर’मध्ये घालून हवे होते. चार्जर म्हणजे तेव्हा मोठे तबक. पण आजच्या मुलांना हा उतारा शिकवायचा, तर किती ठिकाणी थांबावे लागेल, या विचाराने मला निवृत्त झाल्याचे प्रथमच समाधान वाटले.)

मग मला नादच लागला. ‘सून’ म्हणजे लवकरच, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा पूर्वज ‘सोना’ हा ‘लगेच’ या अर्थाने कामाला होता. ‘अनॉन’ हा शब्द मुळात ‘एकात’, म्हणजे एका दमात, असा. तोही घसरला. १५९८ साली छापल्या गेलेल्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात फ्रान्सिस नावाचा एक पोरगेला वाढपी आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवतो, राजपुत्राचा मित्र दुसऱ्या खोलीतून हाका मारत राहतो, आणि हा बिचारा जागचा न हलता “अनॉन, अनॉन, सर!” असे ओरडत राहतो. आपल्याकडच्या हॉटेलात चार टेबलांवरून एकदम हाका आल्या, की पाणी आणणारा पोऱ्या कोणत्याही टेबलाकडे न जाता “आलो साहेब!” म्हणतो, ते हेच.

तेव्हा दोष शब्दांचा नाही. तातडीसाठी घडवलेला प्रत्येक शब्द माणसांच्या तोंडी पडला, त्यांनी तो उच्चारला आणि उच्चारून झाल्यावर ते पुन्हा खाली बसले. ऐकणाऱ्यांनी शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, तर घड्याळात पाहिला. इंग्रजांना यावरून हसण्याची सोय मात्र आपल्याला नाही. ते निदान भविष्यकाळात तरी थाप मारतात. आपण उंबऱ्याच्या आत, एक पाय लेंग्यात घालून, “निघालोच” असे चक्क भूतकाळात सांगतो आणि वर ‘च’ लावून ते पक्के करतो.

आता माफीच्या उरलेल्या अर्ध्याविषयी. ‘सध्या’ हा अर्थ आपण भारतीयांनी पदरचा घातलेला नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात तो पहिला दिला आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर ‘ताबडतोब’ व ‘थोड्या वेळाने’ हे एकाच ओळीत, एकमेकांशी भांडण नसल्यासारखे, नांदत आहेत. पुढे इंग्लंडच्या लेखी भाषेत ‘सध्या’ मागे पडला, पण स्कॉटलंडात आणि अमेरिकेत तो टिकून राहिला. त्यामुळे माझे विद्यार्थी चूक नव्हते, फक्त जुने होते. ते मी स्वतःही आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिनिअर आला. साठीचा, प्रसन्न चेहऱ्याचा, अस्सल कॉर्नवॉलचा माणूस. हिने केलेला आल्याचा चहा त्याने दोनदा घेतला, बॉयलरचे झाकण काढले, आतल्या एका भागाकडे सहानुभूतीने पाहिले आणि तो भाग मागवावा लागेल, असे सांगितले. जाताना दारात वळून म्हणाला, “आय विल बी बॅक ड्रेक्ली.”

हा शब्द कोणत्याच ग्रंथात मला दिसलेला नव्हता. संध्याकाळी मुलीने उलगडा केला. ‘ड्रेक्ली’ म्हणजे ‘डायरेक्टली’, म्हणजे थेट, तडक. पण कॉर्नवॉलच्या बोलीत त्याचा अर्थ ‘होईल तेव्हा होईल’ असा असून तेथील लोकांना त्याचा इतका अभिमान आहे, की हा शब्द छापलेले कप दुकानांत विकायला असतात.

“काय म्हणाला तो?” हिने विचारले.

एकतीस वर्षांच्या अध्यापनात मी इतका अचूक अनुवाद केला नव्हता. मी म्हणालो, “वरच्या कपाटातली दुसरी रजई काढ.”