"डोकं खाली ठेव" म्हणणाऱ्यांनो, जरा गप्प बसा

आज सकाळी गोल्फच्या सरावाच्या रेंजवर गेलो होतो, पन्नासेक बॉल मारायचे आणि घरी यायचं एवढाच बेत. शेजारी एक बाप आणि त्याची बारा-तेरा वर्षांची पोरगी. पोरीच्या हातात हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्नच्या मधला क्लब (गोल्फची काठी). ती मारतेय, बॉल टॉप होतोय, म्हणजे क्लब त्याच्या डोक्यावर लागतोय, सरपटत वीस पावलं जाऊन थांबतोय, आणि बाप दर शॉटनंतर एकच वाक्य टाकतोय, "डोकं वर काढलंस!" मी चक्क मोजलं, सतरा वेळा. शेवटी शेवटी पोरीनं मान इतकी घट्ट धरली होती की खांदेसुद्धा वळेनात, आणि डोळे भरलेले. पुढचा बॉल अजून वाईट, मग बाप अजून मोठ्यानं.

माझं डोकंच फिरलं. गोल्फमध्ये याच्याइतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नाही आणि ते देणारे सगळीकडे भेटतात, न विचारता, स्वतःचा हँडिकॅप (जितका मोठा तितका खेळ कच्चा) तिशीच्या आसपास असताना.

माझी गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहितीय, तरी परत सांगतो. क्लबची महिन्याची स्पर्धा, शेवटचं होल, पार ५, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचं लांब होल. ड्राइव्ह, म्हणजे पहिला फटका, मस्त बसलेला. ३ वुड काढली, लांब मारायचा जाड डोक्याचा क्लब. टॉप. पुन्हा ३ वुड, पुन्हा टॉप. तिसऱ्यांदा क्लब बॉलच्या मागे जमिनीत रुतला आणि बॉल जेमतेम हलला. मागे चौघं कमरेवर हात ठेवून वाट बघतायत. सोबतच्या तिघांनीही तेच मंत्र म्हटले, डोकं वर काढलंस, डोकं वर काढलंस. त्यानंतर दीड वर्ष त्या ३ वुडचं कव्हर मी काढलं नाही. नुसतं ओझं वाहत होतो.

मग एकदा एका म्हाताऱ्या कॅडीनं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्यानं, मला रिकाम्या फेअरवेवर, होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवतावर, थांबवलं. बुटाच्या टोकानं गवतावर एक रेघ ओढली. म्हणाला, सर, बॉल नाही असं समजा, रेघेवर मारा. मारलं. गवत जिथे घासलं ती जागा रेघेच्या चार बोटं मागे. परत मारलं, परत चार बोटं मागे. म्हणाला, "बॉल वर न्यायचं काम क्लबचं आहे सर, तुम्ही कशाला करता?"

बस्स. एवढंच. आणि इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं!

आपण काय करतो बघा. बॉल जमिनीवर, खाली टी (बॉल ठेवायची खुंटी) नाही, हातात लांब क्लब, फेसला, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूला, उतार कमी. मन म्हणतं हा काही वर जायचा नाही, आपणच उचलायला हवा. मग वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं आधीच सुटतात, चमच्यानं काही उपसल्यासारखं होतं. आता स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे गेला ना. तिथे क्लब जमिनीला लागला तर फॅट, आणि जमीन चुकवून वर येता येता बॉलच्या वरच्या अर्ध्याला लागला तर टॉप. म्हणजे फॅट आणि टॉप हे एकाच आईची दोन पोरं आहेत, आणि आपण एकाला औषध देतो तेव्हा दुसरं आजारी पडतं. डोकं वर जातं हे खरंय, पण सगळं शरीरच उचलायला निघालेलं असतं, डोकं काय एकटं खाली राहणार का? तो परिणाम आहे हो, कारण नाही.

बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे जमिनीपासून मध्यापर्यंत जेमतेम २१. चुकायला जागाच किती? आणि क्लब बॉलला चिकटलेला असतो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. तेवढ्यात तुम्ही काय उचलणार? ३ वुडच्या फेसला १५ अंशांच्या आसपास लॉफ्ट (मागे कललेला उतार) असतो, ४ नंबरच्या हायब्रिडला २२ च्या आसपास, वजन तळाशी ठेवलेलं असतं, हे सगळं बॉल वर जावा म्हणूनच तर केलेलंय. प्रो लोकसुद्धा जमिनीवरून ३ वुड मारताना सरासरी ३ अंश खालीच मारतात. खाली म्हणजे कुऱ्हाड घालायची नाही हं, डिव्हॉट, म्हणजे मातीचा तुकडा, काढायचा नाही, नुसतं गवत घासायचं.

१९३५ च्या मास्टर्सला जीन सॅराझेननं पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून ४ वुडनं बॉल थेट होलमध्ये घातला, अल्बट्रॉस, म्हणजे पारपेक्षा तीन फटके कमी. ग्रीनच्या अलीकडे पाणी होतं. उचलायला गेला असता तर बॉल त्या पाण्यात असता. आणि २००९ ची पीजीए चॅम्पियनशिप आठवतेय ना, शेवटच्या होलवर कोरियाच्या यांगनं टायगर वुड्ससमोर ३ हायब्रिडनं मारलेला शॉट? तो मी कितीदा बघितलाय. बॉल गेल्यावरही बघा कुठे उभा आहे तो. पुढच्या पायावर.

बरं, डोकं फूटभर इकडेतिकडे नाचलं तर बोंब होणारच, मान्य. पुढे.

खरी लबाडी रेंजवरच्या मॅटची आहे, ज्यावरून आपण सराव करतो. मॅटवर क्लब दोन इंच आधी टेकला तरी घसरून बॉलपर्यंत पोचतो, आवाज छान येतो, बॉल उडतो, आपण खूश. तोच शॉट गवतावर गेला की मेलाच. आज त्या पोरीचे जे दोन-तीन बॉल उडाले, ज्यांवर बाप "परफेक्ट!" म्हणाला, तेसुद्धा फॅटच होते. आवाजावरून कळतं.

आणि बॉल कुठे ठेवताय ते तरी बघा. निम्मे लोक ३ वुडला ड्रायव्हरसारखा पुढच्या टाचेसमोर ठेवतात. एक-दोन बॉलांच्या रुंदीएवढा आत घ्या. हायब्रिडला बॉल अजून थोडा मागे, लाँग आयर्नला (पातळ लोखंडी फेसचा लांब क्लब) ठेवतो तसा, मध्याच्या जरा पुढे. हायब्रिड हा आयर्नचाच भाऊ आहे, त्याला झाडूसारखा फिरवू नका. पावडरचा स्प्रे फेसवर मारून चार बॉल मारा, ठसा कुठे उमटतो बघा, मग बोला. माझा ठसा वर्षभर तळाच्या कडेला होता आणि मी शाफ्टला, क्लबच्या दांड्याला, शिव्या घालत होतो! टी अगदी बुटकी, बोटभर सुद्धा नाही, त्यावर सुरुवात करा, मग हळूहळू ती जमिनीत दाबत जा. आणि रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, बॉल खोल बसलेला असताना ३ वुड काढणाऱ्याला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही.

कुणी म्हणेल जमिनीवरून ३ वुड आपल्यासारख्यांना झेपतच नाही, ५ किंवा ७ वुड ठेवावी. खरंय. मी पण आता ५ च ठेवतो. अहंकाराला थोडं लागलं, स्कोअरला नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, तर एक कबूल करतो. त्या बापावर एवढा भडकलो, पण हेच वाक्य मी बायकोला दोन वर्षं ऐकवलंय. जे मला सांगितलं गेलं तेच मी पुढे ढकललं. तिनं हायब्रिड कधी खाली ठेवला ते मला कळलंही नाही, मला वाटलं तिला कंटाळा आला. बाप वाईट माणूस नव्हता हो. सतरा बॉल टी-वर ठेवल्यासारखे अलगद तोच ठेवत होता, वाकून वाकून.

शेवटी राहवलं नाही, गेलो. बापाला म्हटलं, साहेब, रागवू नका, दोन मिनिटं देता का? मॅटच्या बाजूच्या गवतावर बुटानं रेघ ओढली. पोरीला म्हटलं, बाळा, बॉल नाहीच आहे, रेघेवर गवत घास. पहिली खूण चार बोटं मागे. अगदी चार बोटं, शप्पथ. हसूच आलं मला. म्हटलं, पुढच्या पायावर जाऊन थांब, फोटो काढतंय कुणी असं समज. सात-आठ वेळा केल्यावर रेघेवर फस्स असा आवाज आला. मग बॉल ठेवला. फार काही उंच नाही, उजवीकडे गेला, पण हवेतून गेला.

ती वळून म्हणाली, "काका, आणि डोक्याचं काय करू?"

म्हटलं, राहू दे गं, आहे तिथे बरं आहे. बाप पण हसला.